मदत हवी आहे: आईला नजरेने संगणक चालवायचा आहे, मराठी टायपिंगसह

कृष्णाकाठ

नमस्कार. आई ६३ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं तिने पहिली-दुसरीची मुलं शिकवली. दीड वर्षापूर्वी एएलएसचं निदान झालं, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा एक प्रकार. सुरुवात जिभेपासून झाली, बोलणं जड झालं. दिवाळीपर्यंत पाटीवर लिहून सांगायची. आता हातात खडू धरवत नाही. मान उशीच्या आधाराने राहते. बुद्धी, आठवण, ऐकणं सगळं जसंच्या तसं आहे.

तिला काही सांगायचं असलं की आम्ही "पाणी? कूस बदलू? पंखा?" असं विचारत सुटतो. 'हो' असेल तर ती डोळे मिटते. पंधरा प्रश्न झाल्यावर डोळे मिटले तर ते 'हो' म्हणून की थकून, हे कळत नाही. गेले काही दिवस रोज सकाळी "पाणी?" म्हटलं की डोळे मिटते आणि चमचा तोंडाजवळ नेला की ओठ घट्ट आवळून घेते. का, ते समजत नाही.

या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुतेक वेळा सगळ्यात उशिरापर्यंत साथ देतात, तेव्हा आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र बघा, असं डॉक्टरांनी सुचवलं. एका विक्रेत्याला घरी बोलावलं. अर्धा तास खटपट करूनही कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला तिच्या नजरेची ओळख करून देणं, होईना. "आजींची नजर स्थिर नाही," असं सांगून तो गेला. कीबोर्डही फक्त इंग्रजी होता. किंमत लाखाच्या पुढे.

घरात विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. भाऊ त्याचा आयपॅड द्यायला तयार आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेला एअर. आईची नजर खरंच चालणार नाही का? आणि चालली तर मराठीत लिहिता येईल का? तिला इंग्रजी येतं, पण दुखतंय कुठे हे सांगायला ती इंग्रजीत जाणार नाही.

तारायंत्र

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. चष्मा कुठला? खाट खिडकीच्या कुठल्या बाजूला? विक्रेता किती वाजता आला होता?

कृष्णाकाठ

चष्मा दुहेरी भिंगाचा, वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर. खाट पश्चिमेच्या खिडकीला लागून, पडदा पातळ आहे. तो चारच्या सुमारास आला होता. आई टेकून बसली होती आणि लॅपटॉप तिच्या पुढ्यात जेवणाच्या टेबलावर होता.

तारायंत्र

मग मी तरी तुमच्या आईच्या नजरेला दोष देणार नाही. कॅमेऱ्यांवर काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आय ट्रॅकर ही स्क्रीनच्या खालच्या कडेला लावायची पट्टी असते. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चेहऱ्यावर पडतो. बुबुळावर त्याचा एक बारीक चकाकणारा ठिपका उमटतो. नजर फिरली की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळपास जागेवर राहतो. कॅमेरा या दोघांमधलं अंतर मोजतो आणि त्यावरून नजर कुठे आहे ते काढतो. प्रत्येकाच्या डोळ्याची घडण वेगळी, म्हणून आधी स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघायला लावतात. तेच कॅलिब्रेशन.

आता तुमची खोली बघा. दुपारच्या उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो, त्यात तो बारीक ठिपका हरवतो. दुहेरी भिंगाच्या मधल्या रेषेमुळे बाहुलीची प्रतिमा तुटते. आणि टेकून बसलेल्या माणसासमोर सपाट टेबलावरचा लॅपटॉप म्हणजे कॅमेऱ्याला अर्ध्या पापण्याच दिसणार. स्क्रीनही तेवढीच मागे कललेली हवी, चेहऱ्याला समांतर, साधारण ६० सेंटिमीटरवर. संध्याकाळी खिडकीला चादर लावून पुन्हा करा. ट्रॅकर अंधारातही चालतो. स्क्रीनच्या अंतराचा एकाच नंबरचा साधा चष्मा करून घ्या, खर्च फार नाही. मोतीबिंदू आहे का, पापणी खाली येते का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा.

आयपॅड असेल तर पैसे खर्च करण्याआधी तोच वापरून बघा. २०२४ च्या आयपॅडओएस १८ पासून 'आय ट्रॅकिंग' त्यातच आलं आहे, वेगळी पट्टी लागत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत सापडेल. एअर चौथ्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. दीड फुटावर, न हलणाऱ्या जागी ठेवायचा. साध्या कॅमेऱ्यावर चालतं, त्यामुळे अवरक्त पट्टीइतकं अचूक नाही, पण आईला हे जमतंय का याचा अंदाज फुकटात येतो. मराठी कीबोर्ड त्यात आहेच.

सिंधुदुर्गकर

माझ्या मोठ्या भावाला हाच आजार होता. तो चार वर्षांपूर्वी गेला. आमच्याकडे ट्रॅकर होता, चांगला होता. तरी सांगतो ताई, आधी काचेसारखा आरपार दिसणारा अक्षरांचा तक्ता करा. रात्री अडीचला घुसमटल्यासारखं होतं तेव्हा कोणी कॅलिब्रेशन करत बसत नाही. वीज जाते, अपडेट येतं. तक्ता भिंतीला टेकलेला असतो.

साधारण दोन फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा घ्यायचा. मध्ये चेहऱ्याएवढं भोक. कडेने आठ घरं: चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. तुम्ही समोर बसून भोकातून तिच्या डोळ्यांत बघायचं. ती ज्या घराकडे बघेल ते तुम्हाला पलीकडून स्वच्छ कळतं. परदेशात याला ई-ट्रान म्हणतात आणि इंग्रजीची २६ अक्षरं त्यात कशीबशी कोंबतात. आपली वर्णमाला मात्र यासाठीच मांडल्यासारखी आहे. पहिल्या घरात क वर्ग, दुसऱ्यात च, तिसऱ्यात ट, चौथ्यात त, पाचव्यात प. सहाव्यात य र ल व ळ. सातव्यात श ष स ह क्ष ज्ञ. आठव्यात स्वर: आ इ उ ए ऐ ओ औ अं, बरोबर आठ.

प्रत्येक अक्षराला दोनदा बघायचं. आधी घर, मग त्या घरातलं कितवं अक्षर, त्या नंबरचं घर. म हवा असेल तर पाचवं घर, पुन्हा पाचवं. ण म्हणजे तिसरं आणि पाचवं. अक्षर झालं की नजर मध्ये, तुमच्या डोळ्यांवर. जोडाक्षर, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही ओळखायचं. 'डोक्याखाली' म्हणजे ड ओ क य आ ख आ ल इ, नऊ अक्षरं, अठरा नजरा. वेळ लागतो खरा, पण 'डोक' आलं की बाकीचं तुम्हालाच कळतं.

भावाला आधी घरांचे नंबर पाठ करावे लागले. तुमच्या आईने ३१ वर्षं हीच अक्षरं फळ्यावर लिहिली आहेत.

वाचासखी

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. सिंधुदुर्गकरांचं म्हणणं मी रोज वेगवेगळ्या घरांत सांगते. तक्ता आणि यंत्र दोन्ही लागतं. तक्त्यावर बोलायला समोर माणूस लागतो. यंत्रावर ती एकटी असताना लिहू शकते, आणि ते एकटेपण तिच्या हक्काचं आहे. पत्र लिहिताना समोर कोणी डोळ्यांत बघत बसलेलं नको असतं.

दोन गोष्टी. या आजारात पापण्यांची उघडझाप कमी झालेली असू शकते. एकटक बघण्याच्या कामात डोळे कोरडे पडतात, म्हणून थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. दुसरं, पुढे पापण्या जड झाल्या तर नजर टिकेलच असं नाही. स्टीफन हॉकिंग यांच्या बाबतीत पापण्यांमुळे नजरेचं तंत्र नीट चाललं नाही, ते गालाच्या स्नायूने एकच बटण चालवत. तोही रस्ता आहे, आत्ता घाबरू नका.

मुंबईला येणं शक्य असेल तर बांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा आणि श्रवणदोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेत दाखवा.

तारायंत्र

मराठी टायपिंगचं राहिलं होतं. विंडोजमध्ये 'आय कंट्रोल' ही ट्रॅकर लावून नजरेने संगणक चालवायची सोय २०१७ पासून आहे. एएलएस झालेले अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन यांनी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांपुढे आव्हान ठेवलं, त्या कामातून ते उभं राहिलं. पण त्याचा स्वतःचा कीबोर्ड इंग्रजीसाठी आला होता.

मराठीसाठी वळसा असा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडा आणि जुना 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' उघडा. मराठी निवडलं की त्यावर इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीची, देवनागरी अक्षरं दिसतात. त्याच्या ऑप्शन्समध्ये 'हॉवर ओव्हर कीज' निवडा. मग क्लिक लागत नाही, कर्सर कळीवर ठरावीक वेळ थांबला की अक्षर उमटतं. ट्रॅकरने कर्सर हलला की बाकीचं काम हा कीबोर्ड करतो. सुरुवातीला थांबण्याचा वेळ दीड-दोन सेकंद ठेवा. फार कमी ठेवलात तर जिथे नुसतं बघितलं तिथेही अक्षर पडतं. डोळे तर बघण्यासाठीच असतात, त्यामुळे या जुन्या अडचणीला संशोधकांनी 'मिडास टच' असं नाव दिलंय, हात लावील त्याचं सोनं होणाऱ्या मिडास राजावरून.

कीबोर्ड ओढून अर्धी स्क्रीन व्यापेल एवढा करा. चांगल्या ट्रॅकरची चूकही अर्धा ते एक अंश असते, आणि ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. कळ त्यापेक्षा बरीच मोठी हवी.

इन्स्क्रिप्टमध्ये क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. 'पाणी' लिहायला ण साठी शिफ्ट धरून पाच वेळा बघावं लागेल. लिहिलेलं मोठ्याने हवं असेल तर एज ब्राउझरच्या 'रीड अलाउड'मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, इंटरनेट लागतं.

खेळांसाठीचा टोबी आय ट्रॅकर ५ त्यामानाने स्वस्त मिळतो. पण त्याच्यासोबत माऊस चालवण्याचं सॉफ्टवेअर येत नाही. टोबी डायनावॉक्सचे पीसीआय (PCEye) ट्रॅकर याच कामासाठी बनवलेले, म्हणून कितीतरी महाग. ऑप्टीकी हे नजरेने टायपिंग करायचं फुकटचं, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही बघून ठेवा. कुठलंही यंत्र आईच्या खाटेवर, तिच्या चष्म्यासह चालताना बघितल्याशिवाय घेऊ नका.

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा.

तक्ता झाला. कराडच्या एका पाटीवाल्याने ॲक्रिलिक कापून भोक पाडून दिलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पैसे घेतले नाहीत. अक्षरं मी रंगवली. आईपुढे धरला आणि समजावायला लागले, क वर्ग इथे, च वर्ग इथे. तिने माझं संपूही दिलं नाही. चौथं घर, पहिलं. त. आठवं, तिसरं. उ. मग ळ, श, इ, ल, आ. माझ्या हातात पाटी होती, तिच्यावर मी लिहीत गेले. पुढे प, आ, ण, इ.

तुळशीला पाणी.

आम्ही सकाळी "पाणी?" विचारायचो, ती हो म्हणायची आणि आम्ही चमचा तिच्या तोंडाशी न्यायचो. खिडकीतून तिला वृंदावन दिसतं. तुळस निम्मी वाळली आहे. तिच्या आजारपणात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तशीच उठले, कळशी ओतून आले.

परत आले तर तिची नजर पाटीवर होती. मी घाईत 'तुळशिला' लिहिलं होतं, शि पहिली. तिने द, इ, र, घ अशी अक्षरं दाखवली.

सिंधुदुर्गकर दादा, ऱ्हस्व-दीर्घ ओळखून घेणं आमच्याकडे चालणार नाही. आता नियम केला आहे, इ किंवा उ नंतर डोळे मिटून उघडले की दीर्घ. शब्दाच्या सुरुवातीच्या अ आणि आ साठीही तेच. वेळ वाढतो, पण तिला तसंच हवं आहे.

सिंधुदुर्गकर

तसंच करा. तक्ता तिचा आहे. भावाने आमच्या तक्त्यावर एका रिकाम्या जागेत 'गप्प बसा' लिहून घेतलं होतं, तुम्हीही नेहमीची चार वाक्यं कडेला लिहून ठेवा. कफ काढा, मान सरळ करा, अशी. रात्री अक्षरं लावत बसायला वेळ नसतो.

वाचासखी

तक्त्यावर घरातल्या प्रत्येकाने सराव करायचा, फक्त तुम्ही नाही. रात्री बसणाऱ्या मावशींनाही शिकवा.

कृष्णाकाठ

मावशींना जमायला लागलं आहे. त्यांना वाचता येतं पण वर्गांचा क्रम आठवत नव्हता, आईने दोन दिवसांत त्यांच्याकडून पाठ करून घेतला.

आयपॅडचंही सांगते. नवा चष्मा आला, संध्याकाळी सातनंतर खिडकीला चादर लावतो. दुसऱ्या प्रयत्नात ठिपके पूर्ण झाले. कर्सर वरच्या कोपऱ्यांत भरकटतो, मधल्या भागात बरा राहतो. दहा मिनिटांनी डोळ्यांतून पाणी येतं, मग थांबतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आहेत. मोतीबिंदू सुरुवातीचा आहे, अडणार नाही म्हणाले. तिने भाच्याला पत्र लिहायला घेतलं आहे. तीन ओळी झाल्या, तिसरी अर्धी आहे. काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही.

विंडोजवरची पट्टी आता महिन्याभरात ठरवू, आधी खाटेवर लावून दाखवतील अशांकडूनच. सध्या अडलंय ते स्टँडपाशी. आयपॅड उशांवर टेकवतो, मावशींनी कूस बदलली की सगळं हलतं आणि पुन्हा ठिपके. लोखंडी खाटेच्या दांड्याला घट्ट बसेल, चेहऱ्यावर पडणार नाही आणि रात्री बाजूला फिरवता येईल असा स्टँडचा हात कोणी वापरला आहे का? सातारा, कराड, सांगली भागात कोणी वेल्डिंग करून असा बनवून घेतला असेल तर त्याचा फोटो आणि मापं हवी आहेत. आमच्या खाटेचा दांडा सव्वा इंचाचा, गोल आहे.