मदत हवी आहे : प्रौढ वाचकांसाठी वेताळाचा नवा अवतार

सप्रेम नमस्कार. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून आमच्या पिढीला भेटलेला ली फॉक यांचा वेताळ (मूळ इंग्रजीत ‘द फँटम’), म्हणजे जंगलाचा मुखवटाधारी रक्षक, प्रौढ वाचकांसाठी नव्याने मांडावा, असे वेंगुर्ल्यातील आम्हा काही चित्रकार-लेखक मित्रांच्या मनात आहे. मिक अँग्लो यांच्या १९५४ मधील मार्व्हलमॅन या ब्रिटिश कॉमिक्समधील महानायकाला अ‍ॅलन मूर यांनी १९८२ पासून विवाहित, मध्यमवयीन पत्रकार करून जे साधले, त्या वाटेने जावे असे वाटते. नुसते रक्त आणि शिव्या म्हणजे प्रौढपणा नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे.

फॉक १९९९ मध्ये निवर्तले आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. त्यामुळे मूळ पात्र, मुखवटा वा कवटीची अंगठी वापरता येणार नाही, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. म्हणून रात्री गावाची राखण करताना चपला झिजवणाऱ्या आरवलीच्या वेतोबा या ग्रामदैवतावरील श्रद्धेतून सुचलेला, पण देव नसलेला, थकत चाललेला राखणदार आम्ही योजला आहे. वेताळाच्या कथेतली, बापाकडून मुलाकडे येणारी राखण एवढीच कल्पना ठेवली, तरी हक्कभंग ठरेल काय, हे कोणी जाणकार सांगतील का? तसेच अशा पात्रामुळे भाविक दुखावतील का, हे आरवली-शिरोडा भागातील मंडळींनी मोकळेपणाने कळवावे.