बीडीएसच्या मुलांनी कोटा पूर्ण करायचा की पेशंट?

वर्धाकर (धागा सुरू केला)

तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. नुकतेच बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेले डॉक्टर अधूनमधून माझ्याकडे कामाला असतात. मुलं कष्टाळू असतात, वाचलेलंही असतं. पण मागच्या महिन्यातली गोष्ट बघा. पस्तिशीतला एक माणूस दुखरी दाढ घेऊन आला. आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, रूट कॅनाल लागेल म्हणून सांगितलं आणि तयारीला लागल्या. त्या माणसाचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. गालाच्या आतून बोट फिरवलं की दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागत होते. दिवसाला चार-पाच खर्रे (सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण) खायचा. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे पुढे कॅन्सरकडे वळू शकणारा आजार. डॉक्टरीणबाईंना हा आजार माहीत नव्हता असं नाही, विचारल्यावर सगळ्या स्टेजेस धडाधड सांगितल्या. पण नजर दाढेवरून हललीच नाही.

याचं मूळ मला कोट्यात दिसतं. इथे सगळेच डॉक्टर नाहीत म्हणून थोडक्यात सांगतो. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येक डिपार्टमेंटचा आकडा ठरलेला असतो: इतके दात काढायचे, इतकी फिलिंग, इतकी स्केलिंग, इतक्या कवळ्या. सही मिळते ती कामाच्या तुकड्याला. एकच पेशंट दात साफ करायला एका विद्यार्थ्याकडे, फिलिंगला दुसऱ्याकडे, कवळीला तिसऱ्याकडे जातो. त्याचं संपूर्ण तोंड कुणाच्याच ताब्यात नसतं.

माझी मागणी साधी आहे. कोटा निम्मा करा आणि फायनलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दहा तरी पेशंट पूर्ण द्या. पहिल्या तपासणीपासून सगळे उपचार होऊन सहा महिन्यांनी परत बोलावण्यापर्यंत जबाबदारी त्याची. तंबाखू सोडण्याबद्दल केलेलं बोलणंही कामात धरा, त्यालाही मार्क द्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यातही बहुतेक सगळे चघळणारे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्याकडे खर्रा चौकाचौकात घोटून मिळतो. या लोकांच्या तोंडात आधी डोकावतो तो आपणच.


प्रोस्थोवाले सर

तळमळ पोचली. कोट्याला झोडपणं मात्र पटलं नाही. मी प्रोस्थो, म्हणजे कवळ्यांचा विषय, शिकवतो आणि रोज बघतो की हात बसायला आकडाच लागतो.

खालच्या जबड्याचा ब्लॉक, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, घ्या. अंगठा जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेवरच्या खाचेत रोवायचा, सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलर (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) दातांवरून आणायची, सुई आत गेली की हाड लागलं पाहिजे, मग किंचित मागे घेऊन रक्त येत नाही ना ते बघायचं आणि सावकाश औषध सोडायचं. वाचून हे चार ओळींत संपतं. पहिल्या पाच-सहा वेळा मुलाचा हात थरथरतो, हाड लागत नाही, पेशंटचा ओठ बधिर होत नाही. विसाव्या वेळेला तो पेशंटशी बोलता बोलता ब्लॉक देतो. तुम्ही म्हणता ते दहा पूर्ण पेशंट दिले आणि त्यातल्या तिघांनाच दात काढायची गरज असली, तर हा मुलगा तीन ब्लॉक देऊन डॉक्टर होणार. तुमच्या बाईंना फायब्रोसिस दिसला नाही याचं मला वाईट वाटतं, पण तो दोष तपासणी नीट न शिकवल्याचा आहे. कोटा कमी करून ती आपोआप सुधारणार नाही.


इंटर्न_मुंबई

दोघेही वरिष्ठ आहात म्हणून नम्रपणे सांगते. पेशंट कुठून आणायचे ते आधी बोला.

सरकारी कॉलेजात ओपीडी भरलेली असते, तिथे प्रश्न वेळेचा. पण माझ्या खासगी कॉलेजातल्या मैत्रिणी पेशंट स्वतः शोधून आणतात. सोसायटीचा वॉचमन, घरी काम करणाऱ्या मावशी, गावाकडचे आजोबा. त्यांचं रिक्षाभाडं द्यायचं, बुडालेली रोजंदारी द्यायची, वर केसपेपरही आपणच काढायचा. परीक्षेच्या दिवशी कवळीचा पेशंट आला नाही तर काय होईल या भीतीने रात्र रात्र झोप नाही. त्यात दहा पेशंट सहा महिने सांभाळायला सांगितलंत, तर ते विद्यार्थ्याच्या खिशातूनच होणार. दाढेचं दुखणं थांबलं की माणूस परत येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि तंबाखूबद्दल बोलायला आम्हाला शिकवलंय कुणी? "तंबाखू वाईट, सोडा" एवढंच आम्ही म्हणतो. तो मान डोलावतो आणि बाहेर जाऊन पुडी फोडतो.


ठाणेकर क्लिनिक

थोडं कटू बोलतो. वरची सगळी चर्चा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या दवाखान्याची वाटते. माझ्याकडे मुलाखतीला येणारे विद्यार्थी कम्पाउंड (मापाचा मेणासारखा पदार्थ) वितळवून माप घेऊ शकतात, पण एंडोमोटर (रूट कॅनालचं मशीन) हातात धरलेला नसतो, रबर डॅम (काम करताना दाताभोवती लावायचा रबरी पडदा) लावता येत नाही. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात) फक्त पुस्तकात बघितलेलं. मग बाहेर पैसे भरून शनिवार-रविवारचे कोर्स करतात, तेही पेशंटऐवजी मॉडेलवर. पेशंटला खर्च कसा सांगायचा, संमती लेखी कशी घ्यायची, काम बिघडलं तर काय बोलायचं, यातलं काहीच येत नाही. पूर्ण कवळीवर जाणारे आठवडे कमी करा आणि तो वेळ याला द्या. कवळी आता लॅबवाले बनवतात.


सांगलीची लेक

मी डॉक्टर नाही, पण शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्या आईने दोन कवळ्या केल्या. पहिली एका चकचकीत दवाखान्यात, दोन-तीन भेटींत झाली. ती डब्यात पडून आहे. भाकरी चावली की खालची उचलायची आणि हिरडीला जखम व्हायची. दुसरी डेंटल कॉलेजात केली, एका मुलीने. खूप खेटे घातले, वैतागलोही. पण त्या मुलीने मेणात दात लावून आईला घालायला दिले, "साठ, सत्तर" म्हणायला लावलं, आरशात दाखवलं, आईला समोरचा दात जरा मोठा वाटला तर बदलला. कवळी दिल्यावरही दोनदा बोलावून टोचत होतं तिथे घासून दिलं. आई आज त्याच कवळीने जेवते. लॅबवाल्याने आईला कधी बघितलंही नसतं. हे काम शिकवणं कमी करू नका, एवढंच सांगायचं होतं.


वर्धाकर

ताई, तुमच्या आईची कवळी म्हणजे मी मागतोय तेच आहे. एका मुलीने एक पेशंट शेवटपर्यंत नेला.

ठाणेकर, रबर डॅम आणि संमतीबद्दल शंभर टक्के सहमत. इम्प्लांट मात्र पदवीच्या पातळीवर नको. कुणाला लावू नये आणि कुणाला पुढे पाठवावं, एवढं कळलं तरी पुरे.

इंटर्नताई, तुमचा मुद्दा माझ्या मूळ पोस्टमध्ये सुटला होता. भाडं आणि केसपेपर कॉलेजनेच द्यायला हवा, त्याशिवाय माझ्या सूचनेला अर्थ नाही. पण बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये तीन महिने ग्रामीण आणि सामाजिक सेवेचे आहेत. अनेक ठिकाणी ते शिबिरात नाव-वय लिहून टूथपेस्ट वाटण्यात जातात. त्याऐवजी दोन इंटर्नना तेच तीन महिने एकाच ग्रामीण रुग्णालयात ठेवा. पेशंट तिथे येतोच, आणावा लागत नाही. तंबाखूवाल्याला आठवड्याने परत बोलावता येतं आणि कमी केली का विचारता येतं. बोलणं असंच शिकता येतं.


प्रोस्थोवाले सर

ग्रामीण रुग्णालयाची कल्पना चांगली आहे, पण तिथे खुर्ची चालू हवी आणि देखरेखीला कुणीतरी अनुभवी हवा. नाहीतर इंटर्न गोळ्या लिहून देत बसतील.

नव्या राष्ट्रीय दंत आयोगाच्या २०२३ च्या कायद्यात बीडीएसच्या शेवटच्या वर्षी नेक्स्ट परीक्षा आहे. तीच परवान्याची आणि पीजी प्रवेशाचीही. माझी खरी काळजी ती आहे. मुलं पेशंट सोडून एमसीक्यू (पर्यायी उत्तरांचे प्रश्न) सोडवत बसतील, मग तुमचा पूर्ण पेशंटही गेला आणि माझा कोटाही गेला.

ब्लॉक आणि दात काढण्याचा आकडा कमी करायला माझा विरोध कायम आहे. कवळीचाही. मात्र केसशीटवर सही करण्याआधी तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजून लिहिलंय का, आणि गॉजने जीभ धरून दोन्ही कडा बघितल्यात का, हे मी सोमवारपासून प्रत्येकाला विचारणार आहे. नसेल तर सही नाही. दहा पूर्ण पेशंटना मी हो म्हणेन, पण भाड्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार हे कॉलेजने लिहून दिल्यावरच.