मदत हवी आहे: आत्याच्या गणवेशावरचा निळा बिल्ला आणि काँगोचं पदक

नमस्कार मंडळी. माझी आत्या लष्करी नर्सिंग सेवेत होती. १९६० ते ६४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या काँगो शांतिमोहिमेत ती तिथे होती. गेल्या महिन्यात वानवडीचं घर आवरताना तिची ट्रंक उघडली. फिकट निळा कापडी बिल्ला, त्यावर ऑलिव्हच्या फांद्यांमधला जगाचा नकाशा. सोबत पदक, मागे 'इन द सर्व्हिस ऑफ पीस' कोरलेलं. फीत निळी, दोन बारीक पांढऱ्या रेघांची, आणि तिच्यावर 'काँगो' लिहिलेली धातूची छोटी पट्टी.

मी वाचलंय की १९६३ मध्ये या मोहिमेला वेगळी हिरवी फीत मिळाली आणि पट्टी गेली. मग फ्रेम करताना जुनीच फीत ठेवावी ना? मला तरी तिने लावलेलीच खरी वाटते.

दुसरं, नर्सिंग ऑफिसरच्या गणवेशावर हा बिल्ला कोणत्या बाहीवर लावत? खांद्यावरचे तारे सुटे सापडलेत, तेही नीट मांडायचेत. बिल्ल्याला कसर लागलीय, धुवायचं धाडस होत नाही. पुण्यात जुनं लष्करी कापड जपणारं कोणी माहीत आहे का? आत्याच्या वर्षश्राद्धाला फ्रेम भिंतीवर हवी आहे.