कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल: पैसा उत्प्रेरकावर लावायचा की विजेवर?

जस्तफूल (धागाकर्ती)
परवा एका नातेवाइकांनी विचारलं, "धुराड्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून इंधन होतं म्हणतेस, मग अडलंय कुठं?" मी म्हटलं, उत्प्रेरकात, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थात. ते का, ते इथं सविस्तर मांडते. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

आज जगभर हे इंधन, म्हणजे मिथेनॉल, बनतं ते तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांच्या मिश्रणावर. १९६६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने ते कारखान्यात आणलं, आणि जिथं पूर्वी २५०-३०० बार दाब लागायचा तिथं ५० ते १०० बारवर काम व्हायला लागलं. पण ते घडवलं होतं कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या वायूसाठी. निव्वळ कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन दिला की मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागं पाण्याचा एक रेणू तयार होतो. त्या गरम वाफेत तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि उत्प्रेरक अकाली म्हातारा होतो.

म्हणून नवीन वाटा शोधल्या जातायत. २०१६ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने झिर्कोनियावर (झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेलं इंडियम ऑक्साइड १००० तास चालवून दाखवलं. २०१७ मध्ये चीनमधल्या दालियनच्या गटाने झिंक आणि झिर्कोनियम यांच्या एकजीव ऑक्साइडवर ८६ ते ९१ टक्के निवडकता मिळवली, म्हणजे रूपांतरित झालेल्या कार्बनपैकी तेवढ्याचं मिथेनॉलच झालं. शिवाय तांब्याला मारणाऱ्या गंधकालाही ते दाद देत नाही. आपल्याकडं २०२२ मध्ये आयआयटी मुंबई आणि बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र इथं कार्बन पकडण्या-वापरण्याची राष्ट्रीय केंद्रं जाहीर झाली. माझं म्हणणं साधं आहे: पहिला पैसा इथं जावा.

मेगावॅट
पूर्ण असहमत. तुमचं रसायनशास्त्र बरोबर आहे, पण अडचण तिथं नाहीच.

कागद-पेन्सिल घ्या. एक टन मिथेनॉलला १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १८८ किलो हायड्रोजन लागतो. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर एका किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज खातो. म्हणजे टनामागं जवळपास १०,००० युनिट. तेच मिथेनॉल जाळलं तर उष्णता मिळते साडेपाच हजार युनिटांची. पाच रुपये युनिट धरा: नुसत्या विजेचे पन्नास हजार झाले. परदेशातून येणारं साधं मिथेनॉल आपल्या बंदरांवर याहून बऱ्याच कमी दरात उतरत आलंय.

तीन रेणू हायड्रोजन घालायचे आणि त्यातला एक पाण्यात घालवायचा, हे समीकरणातच लिहिलेलं आहे. उत्प्रेरक वेग बदलतो, हिशेब नाही बदलत.

आणि तांब्याचा उत्प्रेरक यासाठी घडवलेलाच नव्हता, हेही अर्धंच खरं. १९८०च्या दशकात आयसीआयच्याच संशोधकांनी किरणोत्सारी कार्बनची खूण करून दाखवलं की नेहमीच्या कारखान्यातसुद्धा मिथेनॉलमधला कार्बन मुख्यतः डायऑक्साइडमधूनच येतो. म्हणजे हे काम तो पहिल्यापासून करतोय.

प्रकल्प कुठं उभे राहिले बघा. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये, कारण तिथं जमिनीच्या उष्णतेची वीज. चीनमध्ये आन्यांगला २०२२ पासून वर्षाला १,१०,००० टन, कारण तिथं कोक भट्टीच्या वायूतला हायड्रोजन आयता मिळतो. डेन्मार्कमध्ये कास्सोला २०२५ पासून ४२,००० टन, कारण शेजारी मोठं सौरऊर्जा केंद्र. तिन्ही ठिकाणी आधी हायड्रोजनची सोय झाली, मग मिथेनॉल आलं.

जस्तफूल
हायड्रोजन महाग आहे हे मान्य. म्हणूनच तर निवडकता महत्त्वाची! इतका महाग हायड्रोजन अर्धवट वाटेत कार्बन मोनॉक्साइड बनवण्यात वाया गेला तर कसं चालेल?

भट्टीकर
ताई, इथं जरा थांबा. रायगड जिल्ह्यात एका मिथेनॉल प्लांटवर २६ वर्षं काढली आहेत, कंपनीचं नाव नको.

मोनॉक्साइड वाया जात नाही. एका फेरीत सगळा वायू कधीच रूपांतरित होत नाही, समतोल आडवा येतो, म्हणजे एका मर्यादेनंतर क्रिया पुढं सरकतच नाही. म्हणून मिथेनॉल आणि पाणी थंड करून काढून घ्यायचं आणि उरलेला वायू कॉम्प्रेसरने परत आत ढकलायचा. मोनॉक्साइड त्या फेऱ्यात फिरत राहतो आणि पुढं त्याचंही मिथेनॉल होतं. खरा तोटा मिथेनचा. तो फेऱ्यात साचत जातो आणि त्याला बाहेर सोडताना चांगला हायड्रोजनही सोबत जातो.

पण मेगावॅट साहेब, कॅटलिस्ट, म्हणजे हा उत्प्रेरक, किरकोळ बाब, असंही नाही. नवीन माल ड्रममधून येतो, काळ्या गोळ्या, वाटाण्याएवढ्या. चाळून घ्यायच्या, भुकटी आत गेली की दाब वाढतो. नळ्यांत भरताना उंचावरून पडू द्यायच्या नाहीत. मग खरी कसोटी. आत तांब्याचा ऑक्साइड असतो, त्याचं तांबं करायचं. नायट्रोजनमध्ये हायड्रोजन, सुरुवातीला एक टक्क्याच्या आसपास, आणि तापमान अंशाअंशाने वर. आम्ही तीन-चार दिवस रात्रंदिवस आकड्यांसमोर बसून असायचो. हायड्रोजन जरा जास्त गेला तर आतच भडका, आणि मिथेनॉलचा एक थेंब निघायच्या आधी माल मेलेला.

एकदा आमच्याकडं गंधक अडवणारा थर संपत आला होता, अहवालात दिसत होतं, बदलायचं पुढं ढकललं गेलं. तीन-चार वर्षं चालायचा तो चार्ज, म्हणजे भरलेला सगळा माल, आठ महिन्यांत बसला. रिकामा करताना गोळ्यांना हवा लागू द्यायची नसते, पेट घेतात. नायट्रोजनखाली उपसताना कडेला चार गोळ्या सांडल्या आणि अंधारात लाल झाल्या. ते दृश्य विसरलेलो नाही.

जस्तफूल
भट्टीकर काका, मोनॉक्साइडचा मुद्दा माझा चुकला, मागं घेते. प्रयोगशाळेत एकाच फेरीचे आकडे बघायची सवय लागते.

ऊसकरी
मी सांगली भागातला, कारखान्याच्या डिस्टिलरीवर आहे. धुराड्यातून वायू पकडायचं सगळे बोलतात, पण आमच्या आंबवणीच्या टाक्यांतून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचं कुणी नाव घेत नाही. काही डिस्टिलऱ्या तो भरून विकतात, बाकीच्या सोडून देतात. शिवाय हा उसाने हवेतूनच घेतलेला कार्बन. कोळशाच्या वायूपासून मिथेनॉल करून जाळलं तर जमिनीतला कार्बन शेवटी वरच गेला, आमच्यात तसं नाही. दिवसाला ६० हजार लिटरच्या डिस्टिलरीचा हिशेब कुणी करून देईल का?

मेगावॅट
करतो. ६० हजार लिटर इथेनॉलमागं सुमारे ४५ टन कार्बन डायऑक्साइड. त्याचं ३३ टन मिथेनॉल. त्याला सहा टनांहून थोडा जास्त हायड्रोजन, म्हणजे दिवसाला सव्वातीन लाख युनिट, चोवीस तास अखंड १३ मेगावॅट. सगळं सौरवर करायचं तर आपल्याकडच्या उन्हात ६५-७० मेगावॅटचे पॅनेल, अंदाजे तीनशे एकर. एका मध्यम डिस्टिलरीसाठी! कार्बन कुठला घ्यायचा याबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत, पण बघा, आकडा पुन्हा विजेवरच येऊन थांबला.

ऊसकरी
बगॅसवरची वीज आहे की आमच्याकडं. पण ती हंगामापुरती आणि ती विकूनच कारखाना हप्ते फेडतो. तीनशे एकर मात्र आमच्या बागायतीत नाही मिळायचे, हे खरं.

भट्टीकर
मला दुसरीच शंका येतेय. तुमच्याकडं साखर पांढरी करायला रसाला गंधकाचा धूर देतात ना? तो मळीत उतरतो. मळी आंबवता, मग त्या वायूत गंधक येत नाही?

ऊसकरी
येतो. टाकीजवळ उभं राहिलं की कधी कधी कुजक्या अंड्याचा वास येतोच. वायू भरून विकणारे त्याला आधी पाण्याने धुतात, मग कोळशाच्या थरातून काढतात.

भट्टीकर
पिण्याच्या सोड्याला तेवढं पुरत असेल, तांब्याला नाही पुरणार. त्याला दशलक्षात एक भाग गंधकही फार झाला. तुमचा वायू "शुद्ध" आहे तो विकणाऱ्याच्या लेखी.

जस्तफूल
मग माझा मुद्दा इथं परत येतो, आणि सुरुवातीला मांडला त्याहून नेमका. दालियनच्या झिंक-झिर्कोनियमवर त्यांनी मुद्दाम गंधकाचे वायू सोडून बघितले होते, ५० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ५० भाग), आणि ते टिकलं. त्याला तापमान जास्त लागतं, ३०० अंशांच्या वर, आणि तिथं समतोल आणखी विरोधात जातो, हा दोष मी लपवत नाही. पण मळीच्या वायूवर, कमी तापमानात, सौरविजेबरोबर रोज चालू-बंद होणारं काही हवं असेल तर ते आपल्यालाच घडवावं लागेल. आइसलँडला ना ऊस, ना रोजची चालू-बंद.

मेगावॅट
चालू-बंदचा मुद्दा मान्य. हायड्रोजन साठवायच्या टाक्या महाग असतात, संयंत्र उन्हाबरोबर वर-खाली होऊ शकलं तर टाकी लहान चालेल. त्या एका कामासाठी उत्प्रेरकावर पैसा लावा म्हणेन. गंधकासाठी नाही. झिंक ऑक्साइडचा थर टाकून गंधक अडवणं जुनं आणि स्वस्त तंत्र आहे, वेळेवर बदलला की झालं.

भट्टीकर
"वेळेवर बदलला की झालं" हे वाक्य मी मीटिंगमध्ये फार वेळा ऐकलंय.

ऊसकरी, एक करा. धुण्याआधीचा आणि कोळशाच्या थरानंतरचा, दोन्ही वायूंचे नमुने घ्या आणि गंधक मोजून घ्या. एकदाच नको, मळी बदलेल तसं महिनाभर. ताईंनी तोच वायू दोन छोट्या नळ्यांतून सोडावा, एकीत आमचा तांब्याचा माल, दुसरीत झिंक-झिर्कोनियम, आणि रोज संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करावा.

ऊसकरी
आत्ता साठ्यातली जुनी मळी चालू आहे. नवीन हंगामाची मळी दिवाळीनंतर येईल. दोन्हींचे नमुने घेतो. ताई, कशात भरून पाठवायचे तेवढं सांगा.