अनुभव धागा: तास सुटले, एसटीला अवकाश आहे. तुमच्या ग्रंथालयात पोरं निवांत बसू शकतात का?

तालुक्याच्या कॉलेजात सकाळचे तास साडेअकराला संपतात आणि गावाकडची एसटी लागते दोनला. मधला वेळ पोरं स्टँडवर नाहीतर पानठेल्यावर काढतात. ग्रंथालयाचं दार उघडं असतं, पण आत पाटी असते, 'फक्त अभ्यासासाठी'. अमरावती असो, नागपूर असो की २०११ साली निघालेलं गोंडवाना विद्यापीठ, संलग्न कॉलेजांत रोज ये-जा करणाऱ्या पोरांचं हेच. निवांत वाचणं, खेळणं, मन हलकं करणं, यासाठी ग्रंथालयात काय चालतं, काय फसतं, ते जाणकारांनी इथं लिहावं. कॉलेजचं नाव नको, आपबीती नको. माप, रीत आणि चूक कुठं होते, एवढं सांगा.

ग्रंथपाल, पुसदकडून

पहिलं काम तिसऱ्या कार्डाचं. बहुतेक ठिकाणी पोराला पुस्तक घरी न्यायची दोन कार्डं (बी.टी. कार्डं) मिळतात आणि दोन्ही क्रमिक पुस्तकांत अडकतात. मग कादंबरीवर कार्ड घालवतो कोण? अवांतर वाचनाला वेगळ्या रंगाचं तिसरं कार्ड द्या आणि त्यावर क्रमिक पुस्तक देऊच नका. मुदत क्रमिकला ७ दिवस असेल तर याला २१ ठेवा.

दुसरं, कपाटाची कुलपं काढा. काचेआडचं पुस्तक कोणी चिठ्ठी भरून मागत नाही. पुस्तकं हरवतील आणि वसुली आपल्या पगारातून होईल, ही भीती सगळ्यांनाच असते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ काढून प्राचार्यांपुढे ठेवा. वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ गहाळ होणं तिथं वाजवी धरलंय, मात्र त्यामागे हयगय किंवा लबाडी नको. हजार रुपयांवरचं पुस्तक आणि दुर्मिळ ग्रंथ गेला तर चौकशी करावीच लागते, म्हणून ते तेवढे आतच राहू द्या. नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहे, पण ग्रंथालय समितीच्या ठरावाला आधार म्हणून चांगला चालतो.

मांडणीचं असं, की मराठी कादंबरी ड्युईत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे द्यायच्या पद्धतीत, ८९१.४६३ ला बसते. हा आकडा आपल्याला पाठ, पोरांना नाही. दारातून आत आलं की दिसेल असं एक रॅक करा, त्यात ३०-४० पुस्तकं, कणा नाही, मुखपृष्ठ समोर. दर पंधरा दिवसांनी निम्मी बदला. तीच ती दिसली की त्या रॅककडं बघणं बंद होतं.

तेच, पुढं

दंडाबद्दल राहिलं. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, त्याच्या मागोमाग कापूस वेचणी लागते. पोरगा वावरात असतो. रोजचा १ रुपया म्हटला तरी महिन्याचे ३० होतात. तो पैसे भरत नाही, यायचंच सोडतो आणि पुस्तक घरीच राहतं. सुगीपुरती सगळ्यांना एकच परतीची तारीख द्या. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवघेवीच्या नियमांत अशी पक्की तारीख घालायचा रकाना आहे. मात्र सुगी संपल्यावर तो रिकामा करायला विसरू नका. विसरलात तर जानेवारीत दिलेल्या पुस्तकावरही डिसेंबरची तारीख छापली जाते.

ग्रंथालय परिचर, अकोल्याकडं

सगळे पुस्तकाचं बोलून राहिले, उन्हाचं कोणी बोलत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात आणि त्याच दिवसांत परीक्षा.

कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर म्हणजे वाफेचा डबा, अर्ध्या तासात घाम सुटते. कूलरचा झोत पुस्तकाच्या रॅकवर कधीच घेऊ नका. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की पुठ्ठ्यावर बुरशी धरते. वाचनकक्षात कूलर, ग्रंथसाठ्यात फक्त पंखा आणि मधलं दार ओढलेलं. १०० लिटरची टाकी भर दुपारी पाच-सहा तासांत खाली होते, तर पाणी भरायचं काम कोणाकडं ते आधी ठरवा. पाणी भरताना बटण बंद, अर्थिंग तपासलेली. आपल्याकडचं पाणी जड, कूलरच्या ताट्यांवर (बाजूच्या गवती जाळ्यांवर) क्षाराचा पांढरा थर बसते नि हवा अडते, म्हणून ताट्या दरवर्षी नव्या. टाकी आठवड्यातून एकदा तळापर्यंत कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी सांडलं पाहिजे.

प्यायला माठ. तो व्हरांड्यात, सावलीत, वारा लागेल तिथं ठेवा, आत कोपऱ्यात नाही. पाणी झिरपून उडते तवाच माठ थंड होते. पावसाळ्यात हवाच ओली, मंग माठ कितीही चांगला असो, गारवा येत नाही. आठवड्याला काथ्यानं घासा, साबण नको, मातीत वास मुरते. लांब दांडीचा ओगराळा साखळीनं बांधून ठेवा, नाहीतर पोट्टे गिलासच बुडवतात.

विजेचं काम बघणारा, हिंगणघाट

वरच्या पोस्टला जोड. लाईन गेली की ग्रंथालय रिकामं होतं, म्हणून इन्व्हर्टर घेतात आणि हिशेब न करता सगळंच त्यावर टाकतात. १५० एएचची (अँपिअर-तास) एक १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून हातात साधारण १०८० धरा. २० वॅटच्या १० एलईडी ट्यूब असतील तर २०० वॅट, पाच तास चालतील. त्यात ७५ वॅटचे ५ साधे पंखे जोडले की भार ५७५ होतो आणि दोन तासांच्या आत अंधार. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, घेतले तर ३५० वॅट, तीन तास. कूलर इन्व्हर्टरवर टाकूच नका.

बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. बॅटरीची खोली हवेशीर हवी, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. जिन्याखालच्या बंद कपाटात बॅटरी ठेवायची पद्धत सगळीकडं आहे आणि ती चूक आहे.

ग्रंथपाल, मेळघाट

वरच्या हिशेबात मोबाईल विसरू नका. पाड्यावर लाईट नसली की पोरं फोन चार्ज करायलाच ग्रंथालयात येतात. येऊ द्या. भिंतीला हनुवटीच्या उंचीवर फळी, त्यावर २० सॉकेट, प्रत्येकाला नंबर. नंबराचा पत्र्याचा बिल्ला पोराच्या हातात, बिल्ला दिल्याशिवाय फोन नाही. २० फोन गुणिले २० वॅट म्हणजे ४०० वॅट, तेव्हा ही फळी मेन लाईनवरच, इन्व्हर्टरवर नाही. फोन लावला की पोरगं तासभर मोकळं असतं. मुखपृष्ठ समोर असलेलं रॅक त्या फळीच्या शेजारीच ठेवा.

नेटवर्क नसेल तर जुन्या संगणकावर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) टाकून मराठी विकिपीडियाची फाईल शहरातून एकदा उतरवून आणा आणि साध्या वायफाय राउटरवरून वाटा. इंटरनेट लागत नाही. अडचण एकच येते. फोन 'इंटरनेट नाही' म्हणून आपणच ते वायफाय सोडतो, मोबाईल डेटा बंद ठेवायला सांगावं लागतं.

इथल्या आदिवासींची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. कोरकू पोराला 'अवांतर वाचन' म्हणून मराठी कादंबरी दिली तर ते त्याच्यासाठी अजून एक अभ्यासाचं पुस्तक होतं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करा, सांगणाऱ्याची परवानगी त्याच मुद्रणात सुरुवातीला बोलून घ्या, मग पोरांकडून देवनागरीत उतरवून स्पायरल करून रॅकवर ठेवा. दाखल क्रमांकही (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला नंबर) द्या. नंबर नसलेली वही पहिल्या पडताळणीत रद्दीत जाते.

क्रीडा आणि ग्रंथालय दोन्ही सांभाळणारे, साकोली

कॅरम ग्रंथालयाच्या आत चालत नाही. स्ट्रायकरचा टकटकाट भिंतीपलीकडेही ऐकू येतो. व्हरांडा नाहीतर वेगळी खोली. बोर्ड पावसाळ्यात भिंतीला टेकवून उभा ठेवला की प्लाय वाकतो, म्हणून सपाट आणि जमिनीपासून वर. सोंगट्या ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी आणि स्ट्रायकर अशा २० वस्तू एका पारदर्शक डब्यात, डब्यावर '२०' लिहिलेलं. घेताना-देताना दोघांनी मोजायचं. बुद्धिबळाच्या डब्यावर '३२'. एका गटाला ४५ मिनिटं, नाहीतर तेच चार जण दिवसभर.

सगळ्यात स्वस्त खेळ अष्टाचंगा. ५ बाय ५ चा पट ऑइल पेंटनं फरशीवर आखा, फाशांना चार फोडलेले चिंचोके. हरवले तर चिंचेखालून नवे आणा. पत्ते मात्र नकोच. पैसे लागायला दोन दिवस पुरतात आणि मग संस्थाचालक सगळेच खेळ बंद करतात.

ग्रंथालयातल्या ताई, आर्वीकडच्या

मुलींच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही. संडासाला आतून कडी, झाकणाची बादली आणि रद्दीच्या कागदाचा गठ्ठा, एवढं आधी. पॅडचं नाणं टाकायचं यंत्र दोन महिन्यांत अडकतं. त्यापेक्षा आतल्या फळीवर उघडा डबा, संपला की भरायचा. जास्त घेऊन जातील म्हणून तो काउंटरवर ठेवला तर कोणी मागतच नाही.

फळ्यावर एसटीचं वेळापत्रक लिहा आणि फेरी रद्द आहे का ते एकला आगारात फोन करून विचारा. हे कळलं की मुली घड्याळाकडं न बघता वाचत बसतात.

समुपदेशन कक्षाशी जोडलेले ग्रंथपाल, मेहकर

मनाच्या विषयावर थोडं. 'मानसिक आजार' असा फलक लावलेल्या रॅकपुढं सगळ्यांदेखत कोण उभं राहील? ती पुस्तकं आरोग्य, शेती, स्वयंपाक यांच्यात मिसळून ठेवा. देवघेव न करता तिथंच वाचायची मुभा द्या. कोहात वाचकाचा जुना इतिहास पुसता येतो, पण त्याआधी एक निनावी सभासद तयार करून त्याचा क्रमांक सेटिंगमध्ये घालावा लागतो. तो नसेल तर पुसणं अडतं.

निवड करताना, सात दिवसांत नैराश्य घालवतो म्हणणारी पुस्तकं घेऊ नका. तेवढ्यात बरं वाटलं नाही की पोरगं स्वतःलाच दोष देतं.

टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन मदतसेवा, तिचा क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. सूचना फलकावर लावून उपयोग नाही, तिथं थांबून कोणी लिहून घेत नाही. बुकमार्कच्या मागं छापा आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवा. नेटवर्क नसलेल्या गावात ऑफिसचा फोन दार लावून वापरू द्या.

पोरगं जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर आपण उपदेश करायचा नाही, आपण समुपदेशक नाही. एकटं सोडायचं नाही, शेजारी बसून १४४१६ लावून द्यायचा आणि ज्या शिक्षकावर त्याचा भरवसा आहे त्यांना बोलवायचं. नापिकी आणि कर्जाच्या वर्षात घरचं काय चाललंय हे पोरं आपणहून सांगत नाहीत. रोज येणारा आठवडाभर दिसला नाही, हे काउंटरवरच्या माणसाच्या आधी लक्षात येतं.

मूल, जि. चंद्रपूर

एक शंका. हे सगळं करायला माणूस कुठं आहे? परिचराची जागा रिकामी, ग्रंथपालाकडं नॅकचे, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचे, कागद. आणि स्पर्धा परीक्षेवाले सकाळी सहालाच बॅग ठेवून सगळ्या खुर्च्या धरतात.

पुसदकडून, पुन्हा

माणसांसाठी 'कमवा आणि शिका' योजना, म्हणजे पोरांनी कॉलेजातच काम करून मोबदला घ्यायचा. चार पोरं, प्रत्येकी एक तास, कामं लिहून दिलेली: माठ, डबे मोजणं, रॅक बदलणं, फळ्यावर एसटी. रोख रकमेचा आणि देवघेवीचा हिशेब त्यांच्याकडं देऊ नका.

खुर्च्यांचं असं करा की ३० मिनिटं माणूस नसेल तर बॅग दाराशेजारच्या मांडणीवर. शिवाय पोलीस भरती-तलाठीवाल्यांना आतली खोली, बाकीच्यांना दाराकडची. उलट केलं तर निवांत वाचणारा आत जायलाच कचरतो. लोखंडी खुर्च्यांच्या पायांना कुबडीला लावतात ते रबरी बूट बसवा, पाइपचा बाहेरचा व्यास मोजूनच आणा. सायकल ट्यूबचे तुकडे बांधले तर शहाबादी फरशीवर लवकर झिजतात.

परिचर, अकोल्याकडं

पेपरचं शब्दकोडं राहिलं ना बाप्पा. पहिलाच पोट्टा पेनानं भरून टाकते आणि मंग बाकीचे पेपरच फाडून नेतात. सकाळी पेपर लावायच्या आधी त्या पानाच्या ५ झेरॉक्स काढा, पाट्यांना चिमटा लावून पेन्सिलीसकट ठेवा. उत्तरं दुसऱ्या दिवशी दुपारी लावायची, सकाळी नाही. सकाळी लावली की कालचं अर्धवट राहिलेलं कोणी हातात घेत नाही.