नवी भाषा रचायची तर नकाराला एकच शब्द पुरे का? (सोलापूरच्या तीन भागांतल्या तिघांची चर्चा; प्रत्येकाचं नाव त्याच्या भागावरून.)

साखर पेठ : माझ्या मते पुरे, प्रश्नालाही एकच. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा मांडली, तिच्यात 'मि इरास' म्हणजे मी जातो, 'मि ने इरास' म्हणजे मी जात नाही. वाक्याच्या सुरुवातीला 'चु' आला की प्रश्न : 'चु वि इरास?' क्रियापद जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे मात्र 'आहे'चं 'नाही', 'असतो'चं 'नसतो', 'होता'चं 'नव्हता'. नव्याने शिकणाऱ्याला हे सगळं पाठच करावं लागतं.

जुळे सोलापूर : सोलापुरात राहून असं म्हणता? मराठीत नाही, नव्हे, नको. कन्नडमध्ये इल्ल, अल्ल, बेड. तेलुगूत लेदु, कादु, वद्दु. काही घडत नाही, हे ते नव्हे, आणि मला नको, हे तीन निराळे नकार आहेत. मराठीचं कूळ वेगळं, तरी तिन्ही भाषांनी हे भेद जपले, कारण बोलणाऱ्यांना ते लागतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते पुसून टाकणं मला मुळीच पटत नाही.

साखर पेठ : 'नव्हे' बोलण्यातून जवळपास गेलाच आहे. 'हे माझं दुकान नाही' म्हटलं तर कोणाचं अडतं? मनाईसाठी एस्पेरांतोत क्रियापदाचा शेवट बदलतो : 'ने इरु', जाऊ नकोस. शब्दाची जागा बदलूनही अर्थ बदलतो. 'मि ने वोलास इरि', मला जायची इच्छा नाही. 'मि वोलास ने इरि', मला न जाण्याची इच्छा आहे. एवढं सगळं एका 'ने'वर!

होटगी रोड : नकाराचं मान्य, 'चु'चं नाही. तो पोलिश 'चि'सारखा आधी येतो. आपल्या कानाला प्रश्न शेवटी हवा. तेलुगूत 'वस्ताडु' म्हणजे येतो, 'वस्ताडा?' म्हणजे येतो का. मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषातज्ज्ञाने पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन रचली, तिच्यातही प्रश्नाचा 'आ' क्रियापदालाच जोडतात.

साखर पेठ : 'चु' आधी आला की ऐकणारा पहिल्या शब्दापासून उत्तराच्या तयारीला लागतो. लांबलचक वाक्यात हा फायदा मोठा आहे.

जुळे सोलापूर : क्लिंगॉनचा विषय निघालाच आहे तर तिचे नकारही बघा. 'षुव' म्हणजे लढतो. 'षुवबे' म्हणजे लढत नाही, 'षुवखो' म्हणजे लढायला तयार नाही. मनाईलाही हाच 'खो' लागतो. तुमच्या 'ने'ने पहिलं होईल. दुसऱ्यासाठी 'नाकारणे' असं वेगळं क्रियापद आणावं लागेल. मग एकाच शब्दात भागलं कुठे?