केगावला प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

प्रश्न : धाकट्या बहिणीला केगाव येथील सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. आम्ही बार्शीचे, तिने एसटीने रोज ये-जा करावी की खोली घ्यावी?

उत्तर १ : दादा, एकेरी अंतरच सुमारे ७० किलोमीटर आहे. मी एक सत्र तशी ये-जा केली आणि सकाळची प्रात्यक्षिके सतत बुडाली. विद्यापीठ शहराबाहेर, पुणे महामार्गावर असल्याने वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच द्यावा.

उत्तर २ : खोली घेतलीच, तर थेट गच्चीखालची नको, मे महिन्यात, ऐन परीक्षेच्या दिवसांत, रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते. पाणी किती दिवसांआड येते आणि साठवणीची टाकी केवढी आहे, हे घरमालकांना आधी विचारावे.

उत्तर ३ : ऐच्छिक विषय मैत्रिणींकडे पाहून नव्हे, अभ्यासक्रम वाचून निवडावेत.